फाईल उघडते, भाग दिसत नाही

अंबडला रात्रीचे पावणेअकरा.
शेजारच्या शेडमधल्या प्रेसचा धपका
दर चौदा सेकंदांनी टेबलातून कोपरापर्यंत येतो.
चाकणहून आलेली फाईल उघडत नाही.

आधी मी स्वतःवरच संशय घेते. सवय.
मग दिसतं: फोल्डरला मी मराठीत नाव दिलंय,
'खैरनारांचा साचा',
आणि सॉफ्टवेअर त्या दारापर्यंत जाऊन परत येतंय.
लॉगमध्ये नुसती प्रश्नचिन्हं,
आकडे लावून टांगल्यासारखी.
नाव बदलते. के, एच, ए, आय.
खैरनार त्यात कसेबसे मावतात.

आता उघडली.
'इम्पोर्ट यशस्वी' म्हणते,
आणि पडदा करडा, कोरा.
यशस्वी म्हणजे काय, हे हिला कुणी शिकवलं?

सगळं दाखव, अशी आज्ञा देते तेव्हा
कोपऱ्यात एक ठिपका उगवतो.
गाडीचा शून्य पुढच्या चाकांच्या मधोमध
आणि हा ब्रॅकेट डिकीच्या बिजागरीचा,
म्हणजे मी सीबीएसला उभी राहून
पाथर्डी फाट्यावरच्या माणसाला हाका मारत होते.

जवळ गेले, तर वीतभराचा ब्रॅकेट
हरभऱ्याएवढा.
फाईल इंचात बोलत होती,
मी मिलिमीटरमध्ये ऐकत होते.
पंचवीस पूर्णांक चारने गुणलं.
(घरीही असं काहीतरी असावं,
पण तिथे गुणायचा आकडा सापडत नाही.)

दोनशे चौदा पृष्ठभाग. तीन गायब.
जिथे जोड असायला हवेत तिथे लाल कडा,
फट शून्य पूर्णांक शून्य दोन.
केसही जाणार नाही त्यातून,
पण हिशेबाने हा भाग पोकळ,
याला वजन नाही, याचा साचा होणार नाही.
टॉलरन्स वाढवते. शिवते. उसवतं.
आणखी वाढवते.
किती सैल केलं की खोटं होतं,
हे हेल्पमध्ये लिहिलेलं नाही.

खैरनार चहा घेऊन येतात, स्टीलच्या पेल्यात.
चष्मा खाली मशीनवर राहिलाय.
पडद्याला नाक लावून बघतात,
आणि एका कडेवर अंगठा टेकवतात,
तेलाचा, काळा:
"हे असं नसतं गं.
लोखंड असं एकदम थांबत नाही. वळतं."

तिथे त्रिज्या होती. वाटेत गळाली.
मी माऊस हलवते,
भाग फिरतो, अंगठ्याचा डाग जागेवर.

डाव्या बाजूच्या झाडात एकच ओळ:
'इम्पोर्टेड बॉडी १'.
आधी भोक पडलं की आधी बरगडी आली,
कुणी काय तीनदा खोडलं, कशासाठी,
काही नाही. नुसता देह.
"विचारून घे त्यांना," खैरनार म्हणतात.
विचारलं. ज्या मुलाने काढलं होतं
तो नोकरी सोडून गेलाय,
नंबर लागत नाही.

खिडकीत पांडवलेण्यांचा डोंगर, अंधारापेक्षा जरा गडद.
ते कोरणाऱ्यांकडे एकच आज्ञा होती: वजा.
परत फिरणं नव्हतं.
माझ्याकडे परत फिरणं आहे, शंभर पावलं,
पण जिथे फिरायचं ते दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात.

मग मोजते. अंदाज बांधते.
खैरनार हवेत वळण काढतात,
"एवढं. नाही, जरा कमी."
साडेतीन. सव्वातीन.
तीनवर त्यांची मान हलते.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाल कडा विझतात.
भागाला वजन येतं: सहाशे बारा ग्रॅम.
प्रेस कधी बंद झाली कळलंच नाही.

पाठवण्याआधी बॉडीचं नाव बदलते,
'इम्पोर्टेड' खोडून टाकते, मराठीत लिहिते:
कड, खैरनारांच्या अंगठ्यावरून.

चाकणला उघडतील तेव्हा
तिथे प्रश्नचिन्हं दिसतील, वीस-पंचवीस.

दिसू देत.